पडण्यापेक्षा पडून राहण्याची भीती

२ जुलै २०२४, मंगळवार. पहाटेचे साडेपाच. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि लाईट दोनलाच गेली होती. मी अंथरुणातून उठलो तो तडक मागच्या दाराकडे निघालो. आमचं न्हाणीघर आणि संडास घरामागे, पडवीपासून दहा-बारा पावलांवर. मधे जांभ्याच्या चार पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर पाय टेकला आणि मी खाली कधी आलो ते कळलंच नाही. डावा हात आधी टेकला. कट् असा आवाज आला. जवळची काटकी मोडली असेल असं वाटलं. मोडलं होतं मनगट.

पडणं एका क्षणाचं झालं. त्यानंतर पाऊण तास मी तिथेच पडून होतो, आणि मला सांगायचं आहे ते त्या पाऊण तासाबद्दल. कौलांच्या पागोळ्या नेमक्या मानेवर पडत होत्या. डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर पायरीची कड, तिच्यावर हिरवंगार शेवाळ आणि त्यावरून चढणारी एक गोगलगाय. ती वरच्या पायरीपर्यंत पोचली तरी मी जागचा हललेला नव्हतो. उजव्या हातावर जोर दिला की हात बुळबुळीत चिऱ्यावरून सटकायचा, गुडघा टेकला की कळ यायची. हाका मारल्या, पण पावसाच्या आवाजात मलाच ऐकू येईनात. फोन घरात, उशाशी.

शेजारची वहिनी सव्वासहाला आली. रोज सहाच्या ठोक्याला माझा रेडिओ लागतो, रत्नागिरी आकाशवाणी. तो ऐकू आला नाही म्हणून ती बघायला आली. तो आवाज तिच्या ओळखीचा नसता तर मी तिथे किती वेळ पडून राहिलो असतो, हा विचार पुढे अनेक महिने माझ्या डोक्यात घोळत राहिला.

मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. तेव्हा वय ७२. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, २०१० साली निवृत्त झालो. बायको २०१९ मध्ये गेली. मुलगा-सून विरारला. घर, माडा-पोफळींचं थोडं आगर, विहीर, आणि रस्त्यावर जायला ६४ पायऱ्यांची पाखाडी. एकटा राहतो तो माझ्या खुशीने.

त्या दिवशी वाडीतल्या पोरांनी मला खुर्चीत बसवून पाखाडी उतरवली आणि रिक्षाने चिपळूणला नेलं. १०८ ला फोन करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. ती रुग्णवाहिका फुकट असते, नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा. हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, भूल देऊन हाड बसवलं आणि प्लॅस्टर घातलं. एक्स-रे, भूल, प्लॅस्टर, औषधं मिळून ११,४०० रुपये. सहा आठवडे प्लॅस्टर. हात उशीवर उंच ठेवायचा आणि बोटं दिवसभर हलवत राहायची. हे मनापासून केलं म्हणून १३ ऑगस्टला प्लॅस्टर निघाल्यावर बोटं आखडलेली नव्हती. मनगटही महिनाभरात बऱ्यापैकी वळायला लागलं. हाडाची गोष्ट इथे संपते.

निघताना मला सांगण्यात आलं, “आता वय झालं, जपून राहा, एकटे बाहेर पडू नका.” भेटायला येणारा प्रत्येकजण तेच म्हणायचा. वहिनी तर रोज बजावायची, “तात्या, तुमी आगरात जाव नुका हां.” सगळे मायेने बोलत होते आणि मीही ऐकलं. आगरात जाणं थांबलं. मग विहिरीकडे जाणं. मग पाखाडी. घरातल्या घरात चालतानाही भिंतीला हात लावायला लागलो. गणपतीच्या आधी सून घर झाडायला आली, तेव्हा तिने मला माजघराची भिंत दाखवली. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर कमरेच्या उंचीला, खाटेपासून मागच्या दारापर्यंत, हाताच्या मळाचा काळपट पट्टा उमटला होता. एकाही जागी तुटलेला नव्हता.

रात्री उठायला लागू नये म्हणून मी संध्याकाळी चारनंतर पाणी पिणं सोडलं होतं. त्याने पोट साफ होईना, सकाळी डोकं हलकं व्हायचं आणि चक्कर आल्यासारखं वाटायचं. चक्कर आली की भीती आणखी वाढायची. पाय काटक्यांसारखे झाले होते. हे सगळं म्हातारपण आहे अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

१२ सप्टेंबरला गौरी-गणपतीचं विसर्जन. आमच्याकडे गणपती डोक्यावर घेऊन पाखाडीने खालच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, नेतात. आयुष्यात पहिल्यांदा मी गेलो नाही. ओटीवर बसून राहिलो. ढोल-झांजांचा आवाज खाली उतरत गेला, मग पोफळींआड ऐकू येईनासा झाला. त्या संध्याकाळी मुलगा म्हणाला की आता विरारला चला. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिथे गेलो असतो तर खाटेवरून खिडकीपर्यंत आणि खिडकीतून खाटेपर्यंत एवढंच चालणं उरलं असतं. आमचं जरा वाजलं. रात्री सून शेजारी येऊन बसली आणि तिने विचारलं, “बाबा, तुम्हाला भीती वाटते का?”

अडीच महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. हात दुखतो का, जेवण जातं का, झोप लागते का, सगळं विचारून झालं होतं. मी हो म्हणालो. कशाची, हे तेव्हा मलाही नीट सांगता आलं नाही.

तिने आग्रह धरला म्हणून २३ सप्टेंबरला आम्ही चिपळूणच्या एका फिजिशियनकडे गेलो. तिथेही मी पहिलं वाक्य तेच बोललो, “डॉक्टर, मला पडायची भीती वाटते.” तुम्हीही असंच सांगा. ‘अशक्तपणा वाटतो’ म्हटलं की टॉनिक लिहून मिळतं. भीती वाटते म्हटल्यावर डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि पडलो ती वेळ, झोपेतून उठून किती वेळात चाललो, कुठल्या गोळ्या चालू आहेत हे एकेक विचारलं. मला पाच मिनिटं आडवं झोपवून प्रेशर घेतलं, १४६/८२. मग उभं करून एका मिनिटाने पुन्हा घेतलं. ११८/७०. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त खाली येत असेल तर ते तपासायलाच हवं, असं त्यांनी सांगितलं. रात्री घ्यायची प्रोस्टेटची गोळी आणि प्रेशरची गोळी, दोन्ही त्याला हातभार लावतात. त्यांनी गोळ्या आणि वेळा बदलून दिल्या. (हे आपल्या मनाने कुणी करू नका, पण सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर जरूर ओता.) त्या दिवसापासून माझा नियम असा की जाग आली की आधी खाटेच्या कडेला बसायचं, घोटे वीस वेळा खाली-वर करायचे, मग खाट धरून उभं राहायचं, मनात दहा मोजायचे आणि नंतर पाऊल टाकायचं. आणि पाणी दिवसभर भरपूर प्यायचं.

रक्ताच्या तपासण्यांचे २,६०० रुपये झाले. ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. इतक्या उन्हाच्या मुलखात राहून असं कसं, म्हणून मला नवल वाटलं. आठवड्याला एक अशी आठ आठवडे साठ हजार युनिटची पुडी दुधातून घेतली. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणीही झाली, २,२०० रुपये. टी-स्कोअर उणे २.७. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ. हा बायकांचा आजार असा माझा समज होता, पुरुषांनाही होतो. तेव्हापासून दर रविवारी एक गोळी घेतो. रिकाम्या पोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चष्माही बदलला. माझा दोन भिंगांचा होता, पायरी उतरताना खाली बघितलं की वाचायच्या भिंगातून पायरीची कड धूसर दिसायची. चालायला फक्त लांबचा असा वेगळा चष्मा ९०० रुपयांत करून घेतला. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली. हात तर बरा झालाय, मग ती कशाला, असं मी म्हणालोही. ते म्हणाले, पायांसाठी आणि भीतीसाठी.

३० सप्टेंबरला पहिली भेट. फिजिओ मॅडम माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी मला आधी व्यायाम सांगितलाच नाही. सोळा प्रश्नांचा एक कागद काढला. अंघोळ करताना, कपडे घालताना, स्वयंपाक करताना, फोन वाजायचा थांबण्याआधी उचलायला जाताना, ओल्या निसरड्यावरून, चढ-उतारावरून, गर्दीतून चालताना, कुणाकडे भेटायला जाताना पडण्याची काळजी किती वाटते, एक ते चार आकड्यांत सांगायचं. या कागदाला फॉल्स एफिकसी स्केल-इंटरनॅशनल म्हणतात. किमान १६, कमाल ६४, आणि २८ किंवा त्यापुढे म्हणजे भीती जास्त. माझे ४४ आले. मला त्या कागदाने फार धीर दिला. माझ्या मनात जे चाललं होतं त्याचे प्रश्न कुणीतरी आधीच छापून ठेवले होते, म्हणजे असे कितीतरी लोक असणार.

मग चाचण्या. खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका. मला २१ लागले. हात छातीवर बांधून तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं? माझ्या वयाच्या पुरुषाला बारा तरी यायला हवेत, मला पाच आले. एका पावलापुढे दुसरं पाऊल, टाचेला अंगठा लावून दहा सेकंद उभं राहणं तर जमलंच नाही. मॅडमनी सगळं वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, “काका, हाड तुटल्याने पाय कमजोर होत नाहीत. तुमचे पाय बसून राहिल्यामुळे कमजोर झालेत. ते परत येतील.”

व्यायाम साधे होते. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात म्हाताऱ्या माणसांसाठी घरच्या घरी करायचे पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम बसवले गेले, त्यातलेच हे. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास व्यायाम, दोन दिवस चालणं. स्वयंपाकघराचा ओटा धरून टाचा उचलणं, मग चवडे उचलणं, गुडघे थोडे वाकवून उभं राहणं, ओट्याच्या कडेने आडवं चालणं, उलटं चालणं, एका रेषेत टाच-अंगठा चालणं, हात न लावता खुर्चीवरून उठणं. पायाला बांधायचं वजन विकत आणायला सांगितलं होतं. मी जुन्या खाकी पँटच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या आणि त्यात एकेक किलो वाळू भरली. ओटा धरायचा तो पहिल्या आठवड्यात दोन्ही हातांनी, मग एका, मग दोन बोटांनी. कॅलेंडरवर रोज खूण करायचो. पहिले पंधरा दिवस मांड्या इतक्या दुखल्या की सोडून द्यावंसं वाटत होतं.

भेटीचे ३५० रुपये. पहिला महिना आठवड्यातून दोनदा, मग सहा आठवडे एकदा, मग महिना-दीड महिन्यातून एकदा अशा तीन. एकूण सतरा भेटी, ५,९५० रुपये. सुरुवातीला रिक्षाचाच खर्च जास्त व्हायचा, जाऊन-येऊन बाराशे. वहिनीचा मुलगा सोबत यायचा आणि पाखाडीवर मला धरून उतरवायचा.

चौथ्या भेटीत मॅडमनी विचारलं, “काका, चालत्या गाडीत तुम्ही उभे कसे राहायचात? दाखवा.” मी उभा राहिलो. पाय खांद्याएवढे फाकवले, गुडघे सैल सोडले, पाठ जरा सीटच्या दांड्याला टेकल्यासारखी, नजर समोर शेवटच्या बाकावर. कुंभार्ली घाटाच्या वळणांवर दोन्ही हात तिकिटाच्या पेटीत गुंतलेले असताना याच पायांनी मला सांभाळलं होतं. मॅडमनी मला तसंच उभं ठेवून खांद्याला हलकेच धक्के दिले. मी हललो, पण पडलो नाही. मग म्हणाल्या, आता तुम्ही घरात चालता तसे चाला. मी चाललो आणि माझं मलाच दिसलं. मान खाली, गुडघे ताठ, पावलं घासत. माणूस घाबरला की लाकडासारखा ताठ होतो, आणि ताठ माणसाला तोल सावरता येत नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी अर्धा तास माजघरात कंडक्टरसारखा उभा राहिलो.

खरा फरक पडला तो २१ ऑक्टोबरला. मॅडमनी जमिनीवर जाड सतरंजी घातली आणि मला खाली झोपायला सांगितलं. छाती धडधडायला लागली. पागोळ्या, गोगलगाय, सगळं परत आलं. मी म्हणालो, मी खाली गेलो तर उठणार नाही. त्या म्हणाल्या, तेच शिकायचंय. तेव्हा मला उमगलं की मी घाबरत होतो ते पडण्याला नव्हे. पडून राहण्याला. कुणाला कळलंच नाही तर, या विचाराला.

पद्धत अशी. पडल्यावर घाईने उठू नका. आधी नुसतं पडून राहून श्वास घ्यायचा आणि हात-पाय एकेक हलवून बघायचे. मोडलंय असं वाटलं तर उठायचं नाही, अंग झाकून मदत बोलवायची. ठीक असेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर जोर देऊन ओणवं व्हायचं, लहान मूल रांगतं तसं. रांगत खुर्ची, खाट, पायरी, जे भक्कम असेल तिथे जायचं. दोन्ही हात त्यावर टेकायचे, चांगला पाय पुढे घेऊन पाऊल जमिनीवर रोवायचं, आणि हात-पाय दोन्हींनी रेटून वर यायचं, वळून बसायचं. लगेच चालायला लागायचं नाही. पहिल्यांदा मला सहा मिनिटं लागली. घाम फुटला. दुसऱ्यांदा चार. घरी रोज एकदा, वहिनीला ओटीवर बसवून, मी माजघरात खाली झोपायचो आणि उठायचो. दिवाळीपर्यंत वेळ दीड मिनिटावर आली. यासाठी मोडलेलं हाड पुरतं भरलेलं हवं आणि पहिल्यांदा जाणकार माणूस जवळ हवा, हे मात्र लक्षात ठेवा.

तोवर घराचं कामही चाललं होतं. मागच्या चार पायऱ्यांना गवंड्याकडून टाकी लावून त्या खरखरीत करून घेतल्या, कडेला पांढरा रंग मारला आणि बाजूने लोखंडी पाइपचा कठडा बसवला, ३,२०० रुपये. न्हाणीघरात आणि संडासात स्टीलचे तीन दांडे, प्रत्येकी ७००, मजुरी १,८००. जांभ्याच्या भिंतीत साधा प्लग धरत नाही. आमच्याकडे पहिला दांडा दुसऱ्याच दिवशी हातात आला. मग गवंड्याने भोक खोल करून सिमेंटमध्ये बोल्ट बसवले आणि आठ दिवस हात लावू दिला नाही. दांडा बसवल्यावर आधी एखाद्या तरण्या माणसाला त्यावर लटकायला सांगा. दारातली गोणपाटाची पायपुसणी काढली. खाटेजवळ बॅटरीचा दिवा लावला, माणूस हलला की आपोआप लागतो. झिजलेल्या स्लिपरा टाकून मागे पट्टा असलेल्या रबरी तळाच्या सँडल घेतल्या. फोन कापडी पिशवीत गळ्यात. पण आगरात रेंज नसते, म्हणून पेटाऱ्यातली माझी नोकरीतली शिट्टी काढून तीही गळ्यात अडकवली. गाडी मागे घेताना ड्रायव्हरला वाजवायची ती. वहिनीशी ठरवलं आहे की लांब शिट्टी ऐकू आली की यायचं, आणि सव्वासहापर्यंत रेडिओ लागला नाही तरी यायचं. मागच्या दाराची किल्ली तिच्याकडे असते.

सरकारी कामं दोन केली. पहिलं मुख्यमंत्री वयोश्री योजना. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. आधार, पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो, स्वयंघोषणापत्र असा अर्ज समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयासाठी ९ ऑक्टोबरला दिला. खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आधी बँकेत विचारा, माझं नव्हतं, त्यात एक खेप गेली. मधे विधानसभेची निवडणूक झाली. पैसे २२ जानेवारी २०२५ ला जमा झाले. त्यातून कमोड खुर्ची घेतली, २,८५० रुपये, आणि पावती जपून ठेवली, ती द्यावी लागते. रात्री ती खाटेशेजारी असते. पावसाळ्यात अंधारात मागे जाणं बंद झालं, आणि संध्याकाळचं पाणी पिणं परत सुरू झालं. काठी मी आधीच स्वतःच्या पैशाने घेतली होती. मला तीन पायांची हवी होती, पण मॅडम म्हणाल्या की पाखाडीच्या उंचसखल चिऱ्यांवर तिचे तिन्ही पाय टेकत नाहीत, ती डगमगते. साधी एका टोकाची घ्या, जाड रबराची. हात सरळ सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. माझा डावा गुडघा दुखरा, म्हणून काठी उजव्या हातात. दुखऱ्या पायाच्या उलट्या बाजूला धरायची हे मला माहीतच नव्हतं.

दुसरं काम आयुष्मान वय वंदना कार्ड. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी ७० आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी हे सुरू झालं. डिसेंबरात शृंगारतळीला जाऊन काढलं. माझ्या बोटांचे ठसे मशीनवर उमटेनात. आधारला मोबाईल जोडलेला होता म्हणून ओटीपीवर काम झालं. हे कार्ड रुग्णालयात भरती झाल्यावर चालतं. फिजिओच्या फेऱ्या त्यात बसत नाहीत, ते गृहीत धरूनच खर्चाचा हिशोब करा. कुणाशी बोलावंसं वाटलं, काही विचारायचं असलं तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.

पाखाडीचं मी हप्त्याहप्त्याने केलं. ११ नोव्हेंबरला बेड्याबाहेर, म्हणजे फाटकाबाहेर, पडून आठ पायऱ्या उतरलो आणि परत चढलो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, काठी दुखऱ्याबरोबर. दर चार दिवसांनी चार-सहा पायऱ्या वाढवायच्या. तिसाव्या पायरीपाशी वळण आहे, तिथून खालचा रस्ता दिसतो आणि कड उघडी आहे. तिथे मी नऊ दिवस अडकलो. शेवटी वहिनीचा मुलगा दोन पायऱ्या पुढे, हात न लावता, नुसता उभा राहिला आणि मी गेलो. २५ डिसेंबरला एकटा रस्त्यावर पोचलो. थांब्यावरच्या बाकावर बसून दोन गाड्या जाऊ दिल्या, चढलो नाही. तेवढंच त्या दिवशी पुरे होतं.

६ जानेवारीची भेट मी एसटीने केली. माझ्याकडे निवृत्तांचा पास आहे. इतरांसाठी सांगतो, ६५ ते ७५ अर्धं तिकीट, बायकांना कुठल्याही वयात अर्धं, ७५ च्या पुढे सगळ्यांना मोफत, ओळखपत्र जवळ ठेवा. गाडीची पहिली पायरी उंच असते. आधी दांडा पकडायचा, काठी मनगटाला अडकवायची, चांगला पाय वर. आणि कंडक्टरला मोकळेपणाने सांगायचं, “मी बसल्यावर घंटी द्या.” त्या दिवशी कंडक्टर एक तरुण मुलगी होती. मी तिला तसं सांगितलं. तिने मला धरून बसवलं नाही, नुसती घंटीच्या दोरीवर हात ठेवून माझ्याकडे बघत थांबली. मी बसलो, मान हलवली, तेव्हा दोन ठोके दिले. ३१ वर्षांत मी किती म्हाताऱ्या माणसांसाठी असा थांबलो होतो आणि किती वेळा नाही, हे चिपळूण येईपर्यंत आठवत राहिलो.

मार्चमध्ये शिमग्याला पालखी नाचली तेव्हा मी अंगणाच्या कडेला चौथऱ्याला टेकून उभा होतो. ७ एप्रिलला शेवटची भेट. खुर्ची-चालणं २१ वरून ११ सेकंद. उठबस पाचावरून बारा. सोळा प्रश्नांचे ४४ होते ते २६. ‘निसरड्यावरून’ या प्रश्नाला मी अजूनही तीनच देतो, आणि मॅडम म्हणाल्या की तो तीनच असायला हवा.

मृगाच्या आधी पायऱ्यांवर आणि विहिरीच्या कट्ट्यावर ब्लीचिंग पावडरीचं पाणी टाकून तारेच्या ब्रशने शेवाळ घासून घेतलं. श्रावणात पुन्हा घासावं लागतं, एकदा करून भागत नाही.

१८ जुलै २०२५, शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी आगरात पुन्हा पडलो. गवताखाली माडाची झावळी होती, तिच्यावरून पाय घसरला आणि कुल्ल्यावर बसलो. पाऊस बारीक होता. क्षणभर सगळं तेच होतं, मातीचा वास, मानेवर पाणी. शिट्टी हातात घेतली. मग श्वास घेतला, पाय हलवले, हात हलवले. दुखत होतं पण सगळं हलत होतं. कुशीवर वळलो, ओणवा झालो आणि पोफळीच्या बुंध्यापर्यंत चार हात रांगत गेलो. त्याला धरून उजवं पाऊल रोवलं आणि उठलो. तिथेच टेकून पन्नास मोजले. घरी जाऊन चिखलाचे कपडे बदलले, चहा केला आणि मग वहिनीला हाक मारून सांगितलं. ती आधी रागावली, मग माझ्याशेजारी बसून रडली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवून आलो, नुसता मुका मार होता. डोक्याला लागलं असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच वेळी जा.

२ सप्टेंबरला विसर्जन होतं. गणपती मुलाच्या डोक्यावर, मी मागे काठी घेऊन, दुखरा पाय आधी. तिसाव्या पायरीवर मुलाने वळून बघितलं. मी म्हणालो, समोर बघ. पऱ्याला पाणी गुडघ्याएवढं होतं, मी काठावरच थांबलो.

७ तारखेला मंडळी विरारला गेली. निघताना मुलाने चला म्हटलं नाही, सुनेने वाळूच्या पिशव्यांची उसवलेली शिवण तेवढी घालून दिली. ८ तारखेला सोमवार, व्यायामाचा दिवस. खाटेच्या कडेला बसलो, घोटे हलवले, दहा मोजले आणि सहाला रेडिओ लावला.